दोन कान्यांचे आडनाव

बुधाभाऊंची आणि माझी पहिली भेट पाण्याजवळ झाली नाही. या गौरवग्रंथातल्या बहुतेक आठवणी तलावाच्या काठावरून सुरू होणार हे उघड आहे, म्हणून हे आधीच सांगून टाकतो. आम्ही भेटलो ते चोपड्याकडच्या एका हायस्कूलच्या ऑफिसात, जून महिन्यात, टेबलाच्या दोन बाजूंना. या बाजूला मी, शारीरिक शिक्षणाचा नवा मास्तर, वय चोवीस, अंगात रग आणि खिशाला लाल शाईचे पेन. त्या बाजूला सातपुड्यातल्या पाड्यावरून पायी उतरून आलेले त्यांचे वडील रुमाल्याबा, आणि त्यांच्या पाठीमागे अर्धे लपलेले, तेरा-चौदा वर्षांचे बुधाभाऊ. तेव्हा मी त्यांना "अरे, पुढे ये" म्हणालो होतो. आज 'ते' लिहितो आहे. हा आदर मला फार उशिरा सुचला.

लेखनिक रजेवर होते. वर्गावर जाता जाता मुख्याध्यापकांनी दाखल-खारीज रजिस्टर माझ्यापुढे सरकवले, कारण माझे अक्षर वळणदार आणि शुद्धलेखन हा माझ्या अभिमानाचा विषय. मित्रांनी पाठवलेल्या लग्नपत्रिकासुद्धा मी लाल शाईने तपासून परत पाठवायचो, इतका मी आगाऊ होतो. रावेर तालुक्यातल्या केळी पिकवणाऱ्या घरात वाढलो. आमच्या शेतावर तडवी कुटुंबे कामाला यायची, तेवढेच मला ठाऊक. पावरा नावाचा आदिवासी समाज असतो, हे मी तोवर ऐकलेही नव्हते.

"साहेब, मना पोऱ्या शे. नाव लिखी ल्या," रुमाल्याबा म्हणाले.

"नाव काय?"

"बुधा. बुधवारना शे."

"आडनाव?"

"पावरा."

पाड्यावरच्या शाळेच्या दाखल्यावरही तसेच लिहिलेले होते. मला वाटले, तिथला गुरुजी अर्धवट असणार. मी पेन काढले आणि दाखल्यावरच्या त्या शब्दातला एक काना उडवला, दुसरा सरकवला. मग रुमाल्याबांना म्हणालो, "पावरा नव्हे हो बाबा, पवार. प-वा-र. म्हणा पाहू."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिले. मग हात जोडून म्हणाले, "पवार, साहेब."

पवार म्हटल्यावर जातीच्या रकान्यात काय भरायचे, हे मी विचारलेसुद्धा नाही. 'हिंदू मराठा' असे ठळक लिहून मोकळा झालो. जन्मतारीख त्यांना ठाऊक नव्हती, तेव्हा सगळ्यांना देतात तशी जूनची पहिली दिली. आज आपण त्यांची जी साठी साजरी करतो आहोत, तीही माझ्याच हातची आहे. त्या दिवशी मुख्याध्यापकांनी माझ्या अक्षराचे कौतुक केले, आणि मी खूश होऊन घरी गेलो.

या ग्रंथासाठी लेख मागणारे पत्र आले, त्यावर 'पवार सर गौरव समिती' असे छापलेले होते. समितीतल्या तरुण मंडळींचा यात काही दोष नाही. अख्खे जळगाव त्यांना पवार सरच म्हणते. मी समितीकडे गेलो, भांडलो, आणि मुखपृष्ठ बदलून घेतले. बुधा रुमाल्या पावरा, एवढेच नाव त्यावर असावे असा हट्ट धरला. त्या हट्टामागे काय आहे, हे मंडळींना मी तेव्हा सांगितले नाही. आता सांगतो.

आधी त्यांच्या पोहण्याविषयी. बुधाभाऊ तेव्हा मामांकडे राहत. मामा नदीपलीकडच्या एका मळ्यात सालदार होते. पावसाळ्यात नदी भरली की पलीकडची सगळी मुले घरी राहायची. बुधाभाऊ मात्र वर्गात हजर. केस ओले, वह्या कोरड्या. मी एकदा दरडावून विचारले, "कुठून आलास रे?" तर म्हणाले, "पाण्यातून, सर." दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम काठावर जाऊन उभा राहिलो. दप्तराचे गाठोडे एका हातात पाण्यावर धरून, दुसऱ्या हाताने ते पूर कापत येत होते. समोरच्या वडाच्या झाडापाशी निघायचे असेल तर ते बरेच वर, धारेच्या उलट्या दिशेला तोंड करून पोहत, आणि नदी त्यांना बरोबर झाडापाशी आणून सोडी. मला स्वतःला पोहता येत नव्हते. आमच्या घरी पोरांना विहिरीच्या काठावर फिरकू देत नसत. पीटीचा मास्तर आणि पोहता येत नाही, ही गोष्ट मी पुढे वीस वर्षे लपवून ठेवली.

त्याच वर्षी मी त्यांना जळगावला जिल्हा स्पर्धेला घेऊन गेलो. त्यांनी पोहण्याचा तलाव आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. काठावर बसून पाण्यात हात घातला आणि मला म्हणाले, "सर, हे पाणी मेलेलं शे का? ढकलतच नाही." मी हसून सोडून दिले. शिटी वाजली, त्यांनी उडी मारली, आणि सवयीप्रमाणे तिरके, धार कापायला निघाल्यासारखे पोहत सुटले. कापायला धार नव्हतीच. ते दोरीला धडकले, सावरले, पुन्हा निघाले, आणि एवढे होऊनही पलीकडच्या भिंतीला सगळ्यांच्या आधी पोहोचले. तिथे काठ लागला म्हणून बाहेर पडून उभे राहिले! परत वळून यायचे असते, हे मी त्यांना सांगितलेच नव्हते. मलाच कुठे ठाऊक होते? लोक पोट धरून हसले. बुधाभाऊ ओल्या अंगाने उभे, काय चुकले ते शोधत होते. त्या हसण्यात मीही होतो, हे लिहिताना आज लाज वाटते.

पुढचे वर्षभर त्यांनी जो सराव केला, तो त्यांचा त्यांनीच शोधलेला. नदीच्या जोरदार धारेत एका मोठ्या दगडासमोर ते प्रवाहाविरुद्ध पोहत राहात. दगड जागचा हलता कामा नये. धारेने मागे ओढले तर दगड पुढे गेल्यासारखा दिसे, आणि मग ते दात-ओठ खाऊन पुन्हा त्याच्या बरोबरीला येत. तास तास हे चाले. मी काठावर शेंगा खात बसलेला. पुढे वर्तमानपत्रांत प्रशिक्षक म्हणून माझे नाव छापून आले, ते या शेंगांबद्दल.

बुधाभाऊ दीड हजार मीटरचे पोहणारे झाले. पहिल्या दोन-तीनशे मीटरांत ते नेहमी मागे असत आणि बघणाऱ्याला वाटे, गेले हे पोर. मग बाकीचे थकू लागत, आणि हे मात्र पहिल्या मिनिटाला होते तसेच. राज्य स्पर्धेत त्यांनी लागोपाठ काही वर्षे सोने आणले. राष्ट्रीय स्पर्धेत एकदा हाताच्या बोटभर अंतराने दुसरे आले. बस, तेवढेच. पण खान्देशातून तिथवर गेलेले दुसरे नाव मला तरी आठवत नाही.

प्रत्येक प्रमाणपत्रावर 'बी. आर. पवार'. शाळेच्या रजिस्टरवरून अर्ज, अर्जावरून प्रमाणपत्र. एका समाजमंडळाने तर त्यांना फेटा बांधून 'समाजाचा सुपुत्र' म्हणून मिरवले. बुधाभाऊ फेट्याखाली घामाघूम, मान खाली. मी पुढच्या रांगेत टाळ्या वाजवत होतो. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पाड्यावरच्या गुरुजींनी पेपरात ती बातमी वाचली आणि कुणा पवाराची म्हणून पान उलटले. ज्या डोंगरातून ते आले, त्या डोंगराला कित्येक वर्षे पत्ताच नव्हता की राज्याचा विजेता आपल्यातला आहे. तिथल्या किती मुलांना ते समजायला हवे होते!

बारावीनंतर एकदा ते मला म्हणाले होते, "सर, ते पवार नका ना लिहू आता." मी म्हणालो, "अरे, सगळीकडे तेच गेलंय. आता बदललं तर घोळ होईल." घोळ होईल, असे मी म्हणालो. घोळ घालणारा मी!

घोळ व्हायचा तो झालाच. पोहण्याच्या प्रशिक्षकाची एक कायम जागा निघाली, राखीव, त्यांच्यासाठीच काढल्यासारखी. आजोबांच्या जुन्या कागदांवरून त्यांनी पावरा म्हणून जातीचा दाखला काढला होता. तो एका हातात आणि पदकांची प्रमाणपत्रे दुसऱ्या हातात घेऊन ते मुलाखतीला गेले. समोरच्या साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि विचारले, "यातला पोहणारा कोण, आणि आदिवासी कोण?" बुधाभाऊ म्हणाले, "दोन्ही मीच." साहेब म्हणाले, "कागदावर तर दोन माणसं दिसतात." जागा गेली. ही हकीकत त्यांनी मला सांगितली तेव्हा आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपे गेले असते.

मग ते जळगावातल्या एका तलावावर जीवरक्षक म्हणून लागले. कंत्राटावर, आणि साठीपर्यंत कंत्राटावरच. तिथे त्यांनी या शहराला पोहायला शिकवले. ग्रंथात पुढे त्यांच्या विद्यार्थ्यांचे लेख आहेत, म्हणून मी एकच प्रसंग सांगतो. एक पालक रोज काठावरून ओरडत, "सर, माझा मुलगा स्पर्धेला कधी उतरणार? पंधरा दिवस झाले, नुसता पाण्यावर पडून राहतोय!" बुधाभाऊ शांतपणे म्हणाले, "साहेब, आधी बुडायचं नाही. जिंकायचं मग बघू." त्यांचा पहिला धडा तोच असे, पाण्यावर पडून राहण्याचा. पाण्याला भ्यालेल्या एकाही मुलाला त्यांनी कधी ढकलले नाही. चव्वेचाळिसाव्या वर्षी मी गुपचूप त्यांच्याकडे शिकायला गेलो, तेव्हा त्यांनी माझ्या मानेखाली हात धरला आणि म्हणाले, "सर, घाबरू नका, धरलंय मी." कुणाला सांगितले नाही. माझा मान ठेवला.

पोहण्याचे आणखी एक काम त्यांच्या वाट्याला आले, ते कुणी मागून घेतलेले नव्हते. तापीत कुणी बुडाले की पोलीस त्यांना निरोप पाठवत. भुसावळपासून इकडे कुठेही असो, बुधाभाऊ जात. बुडालेल्यांना ते शोधून आणत. ज्या माणसाला मी टाळ्यांच्या गजरात पोहताना पाहिले, तो पुढे वर्षानुवर्षे गढूळ पाण्यात, हातांनी चाचपत, मेलेल्यांसाठी बुडी मारत राहिला. ह्या कामाचे पदक नसते. घरी आल्यावर ते दोन दिवस जेवत नसत, असे त्यांची मुलगी रमिला सांगते.

माझा धाकटा भाऊ अशोक भुसावळला रेल्वेत होता. सासऱ्यांच्या अस्थी विसर्जित करायला तापीवर गेला, पाय घसरला आणि गेला. बुधाभाऊ दोन दिवस पाण्यात होते. दुसऱ्या दिवशी दुपारी पुलाच्या खांबापाशी त्यांना अशोक सापडला. काठावर आमची म्हातारी आई बसलेली. बुधाभाऊंनी त्याला लगेच बाहेर आणले नाही. कमरेएवढ्या पाण्यात थांबून त्यांनी त्याच्या चेहऱ्यावरचा, केसांमधला चिखल ओंजळीने धुऊन काढला. कानातलाही काढला. मग अंगावरचा सदरा त्याच्यावर पांघरून वर आणले. आईला मुलाचा चेहरा स्वच्छ दिसला. ती पुढे वर्षभर जगली आणि तेवढेच बोलत राहिली, "माह्या अशोकचं तोंड कसं निर्मळ होतं."

तेराव्याला ते आले. मी त्यांचे हात धरून म्हणालो, "बुधाभाऊ, तुमच्यासाठी काय करू सांगा." ते म्हणाले, "काही नाही, सर."

वर्षभराने मात्र ते काहीतरी मागायला आले. आयुष्यात एकदाच. रमिलाला नर्सिंगच्या पदवीला राखीव जागा मिळाली होती. जातीचा दाखला तपासून वैध ठरवून घ्यायचा होता, आणि तिथे वडिलांच्या शाळेच्या नोंदीत 'हिंदू मराठा' निघाले. "सर, तुम्ही एवढंच लिहून द्या, की ते चुकून झालं," ते म्हणाले. चुकून. दोष देणारा एक शब्द नाही.

मी म्हणालो, "बघू."

मी तेव्हा मुख्याध्यापक होतो आणि निवृत्तीला थोडीच वर्षे उरली होती. दाखल-खारीज रजिस्टरमध्ये खोटी नोंद केली असे मीच लिहून द्यायचे म्हणजे चौकशी ओढवून घेणे. मी घाबरलो. ते पुन्हा आले, मी पुन्हा "बघू" म्हणालो. तिसऱ्यांदा आले तेव्हा मी आतल्या खोलीत बसून राहिलो आणि आमच्या सौभाग्यवतींना, घरी नाही म्हणून सांगायला लावले. त्यांनी सांगितले. मग आत येऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "अशोकले पाण्यातून काढून आणनारा मानूस दारातून परत गेला. तुमाले एक सही कराले एवढी जड जाते?" तरी मी उठलो नाही.

मुदत संपली, रमिलाची जागा गेली. धुळ्याच्या एका खाजगी दवाखान्यात ती वॉर्डात मदतनीस म्हणून लागली. बारा-बारा तास रुग्णांची अंथरुणे बदलत ती बाहेरून शिकत राहिली. बुधाभाऊ मला रस्त्यात भेटले की पूर्वीसारखेच थांबत, "सर, तब्येत कशी आहे?" विचारत. मी पिंप्राळ्याला घर बांधले, निवृत्त झालो, सकाळी फिरायला जाऊ लागलो. माझे सगळे व्यवस्थित चालले होते.

रजिस्टरात केलेली चूक अज्ञानाची होती, असे एक वेळ म्हणता येईल. "बघू" म्हणालो ते मात्र अज्ञान नव्हते. गौरवलेखात असे लिहीत नसतात, हे मला कळते. पण बुधाभाऊंचे गुण सांगायचे आणि त्यांचे नुकसान कुणी केले ते गाळायचे, तर ते खोटे लिहिणे होईल. तसले एकदा लिहून झाले आहे.

गेल्या हिवाळ्यात रमिला माझ्या घरी आली. एकटीच. वडिलांची सौम्यता तिच्यात नाही, आणि नसलेलीच बरी. चहाला हात न लावता म्हणाली, "सर, मला सरकारी दवाखान्यात नेमणूक मिळाली आहे. ठरलेल्या मुदतीत दाखला वैध झाला नाही, तर काढून टाकतील. बाबा तुमच्याकडे यायला तयार नाहीत. म्हणतात, सरांना त्रास नको. मला तुमच्या त्रासाचं काही वाटत नाही."

"मी येतो," म्हणालो.

"मागच्या वेळीही तुम्ही बघू म्हणाला होता."

"मी बघू म्हणत नाहीये. येतो म्हणतोय."

तिने एक कागद पुढे केला, त्यावर धुळ्याला दाखल्याची तपासणी होणार होती ती तारीख होती.

आम्ही तिघे एसटीने धुळ्याला गेलो. मी प्रतिज्ञापत्र करून नेले होते. तपासणी करणाऱ्या बाई शांत आणि नीट ऐकून घेणाऱ्या होत्या. शाळेतून मागवलेले रजिस्टर त्यांनी माझ्यापुढे उघडून ठेवले. शेहेचाळीस वर्षांनी मी माझे अक्षर पाहिले. वळणदारच होते.

"ही नोंद तुमच्या हातची?"

"हो."

"वडिलांनी आडनाव काय सांगितलं होतं?"

"पावरा."

"मग तुम्ही पवार का लिहिलंत?"

मी घरून बरीच वाक्ये जुळवून नेली होती. ऐन वेळी खरे तेच तोंडातून निघाले. म्हणालो, "मला वाटलं, त्यांना बोलता येत नाही."

बाईंनी ते लिहून घेतले. मला वाटले, संपले, सुटलो. पण त्यांनी फाइलमधले आणखी कागद काढले. "सर, रजिस्टर तुमचं, ते मी मान्य करते. पण ही शिधापत्रिका तुम्ही नाही लिहिलीत. मतदारयादीतलं नाव तुम्ही नाही लिहिलंत. हा वनजमिनीचा दावा तुम्ही नाही भरलात. या सगळ्यांवर रुमाल्या पवार आहे, आणि हे सगळे कागद तुमच्या त्या नोंदीनंतरचे आहेत. त्याआधीचे पावरा. एवढ्या ठिकाणी चूक कशी होईल? हे कुणी लिहायला लावलं?"

मला काहीच माहीत नव्हते. मी मागे वळून बुधाभाऊंकडे पाहिले. ते उठून उभे राहिले.

"बाबांनीच लावलं, मॅडम," ते म्हणाले. "शाळेतून परत आले आणि तेव्हापासून सगळीकडे पवारच सांगायचे. कुणी पावरा लिहिलं तर म्हणायचे, चुकलं साहेब, मास्तरनी पवार सांगेल शे. बाजाराला जाताना वाटेत पाठ करत जायचे, विसरू नये म्हणून. जमिनीचा दावाही तसाच भरला. आदिवासी असून पवार कसे, असं विचारलं आणि दावा नाकारला. तरी बाबा ऐकेनात. म्हणायचे, शाळामा लिखेल शे, ते खोटं कसं राही?"

रमिला खिडकीकडे पाहत होती. ह्या माणसाने, ज्याला बोलता येत नाही असे मी ठरवून टाकले, त्याने माझा एक शब्द घोकून घोकून पाठ केला होता, आणि त्या शब्दापायी कसत असलेली जमीन घालवली होती. मी त्याचे तोंडही धड आठवू शकत नव्हतो.

"मॅडम," मी म्हणालो, "तेही माझ्या नावावर लिहून घ्या."

"असं लिहून घेता येत नाही, सर. त्यांनी तुमच्या सांगण्यावरून केलं, हे सिद्ध व्हायला हवं. ज्यांनी केलं ते गेले. तुमचं त्यांच्याशी झालेलं बोलणं ऐकणारे आता कोण आहेत?" त्यांनी पुढची तारीख पाहायला सांगितली. कडवटपणे नाही बोलल्या, जे आहे ते बोलल्या.

बसस्थानकावर आम्ही चहा घेतला. रमिला तिकिटाच्या रांगेत गेली, तेव्हा मी विचारले, "बुधाभाऊ, बाबांचं हे मला कधीच का सांगितलं नाहीत?"

"बाबा असेपर्यंत कसं सांगणार? त्यांना वाटायचं, मास्तरांनी आपल्या पोराला चांगलं नाव दिलं. आणि गेल्यावर सांगून काय?"

मी तिथे, त्या गर्दीत, त्यांची माफी मागितली. हात जोडले. आजूबाजूचे लोक पाहू लागले. बुधाभाऊंनी माझे हात धरून खाली केले आणि म्हणाले, "ते राहू द्या, सर. पुढच्या तारखेला येणार ना?"

माफ केले असे ते म्हणाले नाहीत, आणि मी पुन्हा विचारलेही नाही.

हा लेख छापायला जाईपर्यंत निकाल आलेला नाही. रमिला सध्या सरकारी दवाखान्यात कामावर आहे, रोज मुदत मोजत. समारंभ होईल, शाल-श्रीफळ होईल, आपण सगळे टाळ्या वाजवू. त्या दिवशीही तिच्या हातात तो कागद नसेल, असेच दिसते. बुधाभाऊंना शाल नको आहे. मी त्यांना विचारले, साठीनिमित्त तुमची काही इच्छा? तर म्हणाले, "पोरीचं काम होऊ दे. मग तुम्ही म्हणाल तिथे येऊन बसतो." एवढी एकच गोष्ट या माणसाने जगाकडे मागितली आहे, आणि ती देणे न देणे कधीकाळी माझ्या एका सहीवर होते.

अशा लेखाच्या शेवटी सत्कारमूर्तींना दीर्घायुष्य चिंतण्याची रीत आहे. बुधाभाऊ, मी ते मनापासून चिंततो. आपण निरोगी राहा, पुष्कळ वर्षे राहा. दगडासमोर पोहायचात तेव्हा होती तशी छाती आपली शाबूत राहो. रमिलाचा कागद आपल्या डोळ्यांसमोर यावा आणि त्यावर आपले नाव दोन्ही कान्यांसकट असावे. पण या वेळी मी स्वतःसाठीही आयुष्य मागतो आहे, आणि ते मागताना मला संकोच वाटत नाही. मी एकाहत्तर वर्षांचा आहे. त्या जूनमध्ये त्या टेबलापाशी जे बोलणे झाले ते ऐकणारे तिघे होते. रुमाल्याबा गेले. आपण मुलीचे वडील, म्हणून आपला शब्द कुणी धरत नाही. उरलो मी. पुढची तारीख लागेल, कदाचित त्यापुढची लागेल, आणि दर वेळी कुणीतरी तिथे उभे राहून सांगायला हवे, की या माणसाच्या बापाने आपले नाव बरोबर सांगितले होते. निकाल लागेपर्यंत मला मरता येणार नाही.

दिगंबर झोपे,
निवृत्त मुख्याध्यापक, पिंप्राळा, जळगाव